हवेची मॅट ट्रेकला नेण्याआधी: घरच्या घरी पूर्ण तपासणी

हवेच्या मॅटचा कस लागतो तो रात्री दोन-तीनच्या सुमारास. दुकानात ती फुगवून देतात, आपण दोन मिनिटं आडवे होऊन बघतो, मऊ लागते, पैसे देऊन घरी येतो. तिचे दोष मात्र दोन मिनिटांत दिसणारे नसतात. सुईच्या टोकाएवढं भोक पडलेली मॅट पहिले दोन तास अगदी टणक राहते आणि मग झोपेतच तुमचा खुबा कातळाला टेकवते. हे डिसेंबरात राजगडावर किंवा हरिश्चंद्रगडावर कळलं तर करण्यासारखं फारसं काही उरत नाही. तिथे ना बादली, ना उजेड, ना भोक शोधायला लागणारा निवांतपणा.

म्हणून तपासणी घरीच करायची, आणि तीही नुसती फुगवून बाजूला ठेवायची नाही. मुख्य अडचण अशी की चांगली मॅटसुद्धा रात्री मऊ पडते. थंडीनं आतली हवा आकसते आणि आपल्याला वाटतं मॅट गळतेय. उलट बारीक गळती असलेली मॅट दुपारच्या उकाड्यात फुगलेलीच दिसते आणि आपण तिला पास करून टाकतो. आकसणं आणि गळणं यातला फरक ओळखता आला की बाकीची तपासणी सोपी आहे.

नवी मॅट असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत हे सगळं उरका, आणि बिल व खोका तोपर्यंत टाकू नका. जुनी मॅट दिवाळीच्या आसपास, थंडीतल्या पहिल्या मुक्कामाआधी बाहेर काढा. पावसाळाभर गुंडाळून पडलेल्या मॅटवर विसंबून थेट निघू नये.

पहिलं काम: पसरा, पुसा, बघा

खोली झाडून घ्या, खाली जुनी चादर अंथरा आणि मॅट न फुगवता पसरा. ट्यूबलाइटच्या उजेडात शिवणीवरून, म्हणजे जिथे दोन कापडं उष्णतेनं चिकटवलेली असतात त्या कडेवरून, बोट फिरवत जा. कडा कुठे उचकटलेली, सुरकुतलेली किंवा कमी रुंद वाटली तर तिथे पेनानं बारीक खूण करा. मग व्हॉल्व्ह बघा. बहुतेक नव्या मॅटना आत पातळ रबरी पडदा असलेला व्हॉल्व्ह असतो. तो पडदा हवा आत जाऊ देतो, बाहेर येऊ देत नाही. त्याच्याखाली वाळूचा एक कण किंवा कापडाचा धागा अडकला तरी मॅट रात्रभर गळत राहते. मऊ, किंचित ओल्या फडक्यानं तो पुसून घ्या. जुनी मॅट 'फुटली' म्हणून लोक भोक शोधत बसतात आणि दोष निघतो तो इथला, म्हणून याला घाई नको.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर मॅट, पिशवी आणि दुरुस्तीचं पाकीट असं सगळं एकत्र तोला. खोक्यावरचं वजन बहुधा नुसत्या मॅटचं असतं, सॅकमध्ये मात्र सगळं जातं.

हवा भरणं: तोंडानं का नको

सोबत हवा भरायची पिशवी आली असेल तर तीच वापरा. तोंडानं फुगवलं की श्वासातली वाफ आत जाते. ओलसर अंधारात बुरशी धरते, आणि आत कापसासारखं अस्तर किंवा पिसं असलेल्या मॅटमध्ये ती एकदा धरली की काढता येत नाही. पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तर ही ओल आठवडेच्या आठवडे सुकत नाही.

दुसरं कारण तपासणीशी जोडलेलं आहे. आपला श्वास साधारण ३४ अंशांचा आणि वाफेनं भरलेला असतो. मॅटमध्ये तो थंड होतो, वाफेचं पाणी होतं आणि फुगवटा कमी होतो. बाहेर १२ अंश असतील तर श्वासानं फुगवलेली मॅट गळती नसतानाही दहा टक्क्यांच्या आसपास ढिली पडू शकते. तीच मॅट ३० अंशांच्या साध्या हवेनं भरली तर ३०३ केल्विनवरून २८५ केल्विनवर (अंशांत २७३ मिळवले की केल्विन) येताना जेमतेम सहा टक्के आकसते. म्हणजे तोंडानं फुगवली तर निकाल वाचायलाच कठीण जातो.

पिशवी किती वेळा रिकामी केली की मॅट भरते ते मोजून वहीत टिपून ठेवा. पुढे कधीही हा आकडा अचानक वाढला तर भरतानाच हवा कुठून तरी निसटतेय असं समजायचं.

एक गोष्ट ठासून सांगतो. पेट्रोल पंपावरच्या किंवा पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं ही मॅट कधीही भरू नका. गाडीच्या टायरात ३०-३५ पीएसआय दाब असतो. मॅटला त्याचा अगदी छोटा अंश लागतो. जास्त दाबानं मॅटचे वरचे-खालचे थर आतून जोडणारे पडदे सुटतात आणि मॅटवर मोठा फुगा येतो. त्या फुग्याला घरगुती इलाज नाही.

चोवीस तासांची चाचणी

नव्या मॅटचं कापड पहिल्यांदा भरल्यावर थोडं ताणतं, त्यामुळे ती जराशी सैल वाटते. म्हणून पहिल्यांदा भरा, तासभर ठेवा, कमी पडलेली हवा पुन्हा भरा आणि तिथून वेळ मोजायला घ्या.

'बोटानं दाबून बघितलं, ठीक वाटली' एवढ्यावर भागत नाही, कारण कालचा दाब बोटाला आठवत नाही. त्यापेक्षा देवघरातला किंवा जेवायला बसायचा लाकडी पाट मॅटच्या मधोमध ठेवा. त्यावर पाच-पाच किलोच्या गव्हाच्या पिठाच्या दोन पिशव्या ठेवा. पाट स्थिर झाला की फरशीपासून पाटाच्या खालच्या कडेपर्यंतची उंची फूटपट्टीनं चारही कोपऱ्यांत मोजा आणि चारांची सरासरी लिहा. शेजारी खोलीचं तापमान लिहा. भिंतीवरचं साधं थर्मामीटर पुरेसं आहे. मग पिठाच्या पिशव्या उतरवून मॅट तिथेच राहू द्या. उन्हाच्या तिरिपेत नको, पंख्याखाली नको, आणि घरात मांजर असेल तर दार लावून.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, तेच वजन ठेवून पुन्हा मोजा. त्याच वेळेला हे महत्त्वाचं. पुण्यात ऑक्टोबरात संध्याकाळी घरात ३० अंश आणि पहाटे २३-२४ असा फरक सहज पडतो. संध्याकाळी भरून पहाटे मोजलंत तर चांगली मॅटही खाली गेलेली दिसेल. तापमान आदल्या दिवसाइतकंच असताना उंची तेवढीच भरली, तर मॅट गळत नाही. तापमान तेच आणि उंची अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त उतरली, तर गळती आहे असं धरून पुढच्या शोधाला लागा.

पहाटेचं मोजमापही घ्या, पण ते वेगळ्या कामासाठी. नुसत्या थंडीनं तुमची मॅट किती खाली जाते हे त्यातून कळतं. हा आकडा माहीत असला की गडावर रात्री ती मऊ लागली तरी जीव घाबरत नाही.

झोपून बघणं

भरलेली मॅट वजन नसताना चोवीस तास टिकते आणि माणूस झोपला की गळते, असं होतं. वजनानं आतला दाब वाढतो, शिवण ताणली जाते आणि एरवी मिटून राहणारं भोक उघडतं. म्हणून एक पूर्ण रात्र तिच्यावर काढा. पलंगावर नाही, फरशीवर. शहाबादी फरशी असेल तर उत्तमच, कारण ती कातळासारखीच कडक आणि थंड असते.

आडवे झालात की हवेचं प्रमाण जुळवा. बरेचजण मॅट ढोलासारखी टणक फुगवतात आणि मग कंबर आखडते म्हणून मॅटला दोष देतात. आधी पूर्ण भरा, कुशीवर झोपा आणि व्हॉल्व्हमधून थोडी थोडी हवा सोडत जा. खांदा आणि खुबा नीट आत रुतले पाहिजेत, पण खाली टेकता कामा नयेत. घरातल्या कुणाला तरी मॅटखाली तळहात घालून खुब्याच्या जागी चाचपायला सांगा. तुमचं हाड त्यांच्या हाताला टोचलं तर हवा कमी आहे. मग उठून बसा. बसल्यावर सगळा भार एका जागी येतो, त्यामुळे थोडंफार टेकणं चालतं. झोपल्यावर टेकणं चालत नाही.

रुंदी इथेच कळते. मॅट ५१ सेंटिमीटर रुंद असं छापलेलं असतं, पण कडा गोल असल्यामुळे पाठीला मिळणारी सपाट जागा त्याहून कमी असते. पाठीवर झोपून दोन्ही कोपर कुठे पडतात ते बघा. कोपर रात्रभर फरशीवर राहिले तर रुंद मॅट घ्या, पन्नास-शंभर ग्रॅम जास्त उचलावे लागले तरी. आवाजही ऐका. आत चंदेरी पत्रे असलेल्या काही मॅट कूस बदलली की चुरचुरतात. देवळात किंवा गुहेत दहाजण शेजारी शेजारी झोपलेले असताना तो आवाज सगळ्यांना ऐकू जातो.

गळती शोधणं

आपल्या घरांत बाथटब नसतो, आणि मॅट आख्खी बुडवायची गरजही नाही.

सुरुवात व्हॉल्व्हपासून. मॅट टणक भरा, व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थर लावा आणि दोन मिनिटं बघत राहा. साबणाचं पाणी म्हणजे अर्धा लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. फार घट्ट केलंत तर नुसता फेस होतो आणि खरा बुडबुडा त्यात लपतो. बुडबुडे आले तर व्हॉल्व्ह पुसून, घट्ट लावून पुन्हा बघा. बऱ्याचदा तपास इथेच संपतो.

तिथे काही नसेल तर रात्री घर शांत झाल्यावर पंखा बंद करा, मॅटची एक बाजू घट्ट गुंडाळून हवा दुसऱ्या बाजूला ढकला आणि कान लावून हळूहळू सरकत जा. मोठं भोक फुसफुसतं. बारीक भोक ऐकू येत नाही, पण ओल्या ओठांना किंवा ओल्या गालाला गार झुळूक लागते.

तरीही सापडलं नाही तर स्प्रेची बाटली घ्या. आधी शिवणी, मग खालची बाजू, शेवटी वरची. हातभर पट्टा भिजवायचा, तिरक्या उजेडात थांबून बघायचं, पुसायचं, पुढे जायचं. अगदी बारीक भोकाचा बुडबुडा वाढायला अर्धा मिनिट घेतो, म्हणून एका पट्ट्यावर तेवढं थांबलंच पाहिजे. संशयाची जागा मोठ्या टबात दाबून धरा. एकाच ठिकाणाहून बारीक बुडबुड्यांची माळ वर येत राहिली की भोक सापडलं. कापडाला चिकटलेले सुटे बुडबुडे असतात त्यांना भुलू नका, हातानं पुसले की ते परत येत नाहीत. सापडलेल्या जागेभोवती बॉलपेननं गोल करा, नेमकं भोकावर नको. आणि तिथेच थांबू नका, पूर्ण मॅट बघा. काट्यानं केलेली भोकं बरेचदा जोडीनं असतात.

ठिगळ

मॅट पूर्ण रिकामी आणि कोरडी करा. भोकाभोवतीची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. मेडिकलमध्ये मिळतं, मोबाइल दुरुस्त करणारेही तेच वापरतात. हाताचा तेलकटपणा राहिला तर कुठलंही ठिगळ टिकत नाही. मॅटसोबत आलेलं ठिगळ कोपरे गोल कापून लावा, कारण टोकदार कोपरा आधी उचकटतो. त्यावर जाड पुस्तकांचा गठ्ठा ठेवून निदान एक रात्र जाऊ द्या. गोंदाच्या पाकिटावर लिहिलेली वेळ त्याहून जास्त असेल तर ती पाळा. मग चोवीस तासांची चाचणी पहिल्यापासून.

सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन आणि रबरी ठिगळ इथे वापरू नका. ते रबराच्या ट्यूबसाठी असतं. या मॅटच्या नायलॉनला आतून टीपीयू या लवचिक प्लॅस्टिकचा लेप असतो, त्यावर ते काही दिवसांत सुटतं आणि उरलेला चिकटा नीट ठिगळाच्याही आड येतो. शिवण उसवली असेल किंवा आतले पडदे सुटून फुगा आला असेल तर वॉरंटीचा मार्ग धरा.

थंडीची परीक्षा

मॅटची ऊब आर-व्हॅल्यूत मोजतात. २०१८ पर्यंत प्रत्येक कंपनी हा आकडा आपापल्या पद्धतीनं काढायची, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नव्हता. त्या वर्षी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं एफ३३४० हे मानक आणलं. त्यात फुगवलेली मॅट एका गरम आणि एका थंड पत्र्याच्या मध्ये ठेवून, गरम पत्रा गरम राखायला किती ऊर्जा लागते ते मोजतात. खोक्यावर या मानकाचा उल्लेख आहे का ते बघा. नुसतं 'उणे दहापर्यंत चालते' असं लिहिलेलं असेल तर मी तरी त्याच्यावर भरवसा ठेवणार नाही.

जाडी म्हणजे ऊब, हा समज सोडा. आत नुसती हवा असलेली दहा सेंटिमीटरची मॅट दोन सेंटिमीटरच्या फोमपेक्षा गार लागू शकते, कारण मोकळी हवा आत फिरत राहते आणि अंगाची उष्णता जमिनीला नेऊन देते. स्लीपिंग बॅगवर विसंबूनही भागत नाही. तिचा पाठीखालचा भाग वजनानं दबतो आणि दबलेलं अस्तर ऊब धरत नाही. पाठीची ऊब सगळी मॅटनंच द्यायची असते. सह्याद्रीतल्या हिवाळ्याला माझ्या मते २ ते ३ आर-व्हॅल्यू पुरते. उत्तराखंडातल्या केदारकंठासारख्या बर्फातल्या ट्रेकला ५ च्या आसपास हवी. दोन मॅट एकावर एक ठेवल्या की आकड्यांची बेरीज होते. २ ची कॅरीमॅट (साधी फोमची गुंडाळायची मॅट) आणि ३ ची हवेची मॅट मिळून ५. वेगळी महागडी मॅट घेण्याआधी हा हिशेब करून बघा.

घरी हे पडताळायला डिसेंबर-जानेवारीतली गच्ची उत्तम. पुण्याचा नीचांक १.७ अंशांचा, १७ जानेवारी १९३५ चा. तेवढी थंडी आता पडत नाही, पण पारा १० च्या खाली बऱ्याचदा उतरतो. ट्रेकला घालता तेच कपडे, तीच स्लीपिंग बॅग. मॅटखाली कमरेपासून डोक्यापर्यंतच्या भागात कॅरीमॅट घाला आणि कमरेखाली काही घालू नका. सिमेंटची गच्ची दिवसभर तापलेली असते आणि उशिरापर्यंत ऊब सोडत राहते. म्हणून रात्री दहाला निकाल लावू नका, पहाटे चार-पाचला लावा. तेव्हा मांड्या आणि खुबा गार पडले असतील आणि पाठ ऊबदार असेल, तर एकटी हवेची मॅट तुम्हाला पुरत नाही. दोन्हीकडे सारखंच वाटलं तर ती पुरते. या परीक्षेचा गुण असा की माणूस स्वतःशीच तुलना करतो. कुणाला थंडी जास्त वाजते, कुणाला कमी, तो वाद उरत नाही.

गडावर सांभाळायचं

सह्याद्रीत मॅटचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे कुसळं. पाऊस संपला की माचीवरचं गवत वाळतं आणि त्याची कुसळं मोजे, चादर, सॅक सगळ्यात घुसतात. एका बाजूला सुईसारखं टोक, मागे उलटे केस, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. आणि ते जमिनीतून कमी, आपल्याच कपड्यांतून जास्त येतं. तेव्हा मॅटवर बसण्याआधी मोजे काढा, पँटचा खालचा भाग तपासा, मगच आत या. करवंदीच्या जाळीजवळ किंवा बाभळीखाली मॅट टाकू नका. खाली जाड प्लॅस्टिक किंवा कॅरीमॅट हवीच. रविवार पेठेत बोहरी आळीत असं प्लॅस्टिक मापानं कापून मिळतं.

मॅट दुपारी फुगवून उन्हात ठेवू नका. आतली हवा प्रसरण पावून शिवणीवर ताण येतो. संध्याकाळी पोचल्यावर तीन चतुर्थांश भरा, आणि जेवणं आटोपून, हवा गार झाली की झोपण्याआधी उरलेली भरा. पहाटे मऊ पडण्याचा प्रश्न एवढ्यानं बराचसा मिटतो. शेकोटीपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. एक ठिणगी पुरते. आणि गडावर मुक्कामाला परवानगी आहे का ते आधीच विचारून घ्या, सगळीकडे नसते.

सोबत दोन ठिगळं, अल्कोहोलचे पुसायचे दोन तुकडे आणि एक पेन. तेवढं वजन काहीच नाही.

घरी आल्यावर

ओल्या फडक्यानं घाम आणि माती पुसा. साबण लागलाच तर सौम्य, आणि व्हॉल्व्ह बंद ठेवून. मग मॅट फुगवून सावलीत वाळवा, नंतर हवा सोडून व्हॉल्व्ह उघडाच राहू द्या म्हणजे आतली ओल निघून जाईल. तोंडानं फुगवावी लागली असेल तर पिशवीनं कोरडी हवा भरायची, सोडायची, असं चार-पाच वेळा करा.

घट्ट गुंडाळून पिशवीत कोंबलेली मॅट महिनोन्महिने ठेवली की घड्यांच्या जागी लेप कमजोर होतो. पलंगाखाली किंवा कपाटामागे सैल पसरून ठेवा. माळ्यावर ठेवायची तर वर जड सामान नको आणि उंदरांचा बंदोबस्त हवा. जूनच्या आधी मॅट पूर्ण कोरडी आहे याची खात्री करा, आणि पावसाळ्यात एखाद्या उघडिपीच्या दिवशी बाहेर काढून तासभर वारा लागू द्या.